आक्का, गोधडीच्या पोटात काय घालू?

आक्का, तुझं गाठोडं आज सोडलं.

सोडणार नव्हतो. तेराव्याला सूनबाई तुझी लुगडी वाटायला बसली, हे हिला, ते तिला, आणि तिनं या गाठोड्यालाही हात घातला तेव्हा मी पंगतीतनं ओरडलो, "ते राहू दे!" पानावरची माणसं वळून बघायला लागली. मी उष्ट्या हातानंच गाठोडं उचललं आणि दुकानात आणून मेजाखाली सारलं. तेव्हापासनं ते माझ्या पायाला लागतंय. मशीनवर बसलो की लागतं. मग उठतो, झाशीच्या ओरछा गेटापर्यंत जातो, तिथं काही काम नसतं, परत येतो. एक पायजमा सहा दिवस चाललाय. गिऱ्हाईक विचारतंय, "मास्टरजी, तबीयत तो ठीक है?" मी म्हणतो, तबीयतीला काय झालंय.

हे मापाच्या वहीत लिहितोय. दुसरा कागद नाही आणि तिसरी पास माणसाला दुसरा कागद कशाला लागतो. तुला तर तेवढंही वाचता येत नव्हतं. गावाकडची पत्रं मीच वाचून दाखवायचो, वाईट तेवढं गाळून. वाचून झालं की तू म्हणायचीस, "हं. आता गाळलेलं वाच." कसं कळायचं तुला, ते मी कधी विचारलं नाही. आज विचारलं असतं.

तर गाठोडं. गुड्डी आली होती. माझ्या पोराची पोर, पण तुझ्या मांडीवर वाढली म्हणून तुझीच. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय हे तू बघून गेलीस. आता पायरी चढताना भिंतीला हात लावते. बी.कॉम. झालीय आणि सुईत दोरा ओवता येत नाही. दारातच म्हणाली, "आबा, एकच महिना राहिला. आक्काआजीने मुझसे वादा किया था. गोधडी मीच शिवायची, कपडा ती काढून देणार."

मला ठाऊक होतं. मी तिथंच तर होतो. अंगणात ऊन खात बसली होतीस, गुड्डीला शेजारी बसवून एकेक कापड तिच्या गालाला लावत होतीस. "हाताला लावू नको ग. हात कामानं निबर होतो, त्याला सगळंच मऊ लागतं. गालाला लाव. बाळाचं अंग म्हणजे सगळा गालच." गुड्डी हसत होती. तू दटावलंस. "हसू नको. कापड निवडायला चुकलीस तर मग टाके कितीही बारीक घाल, काही उपयोग नाही." मग रेघांचं लुगडं काढून दिलंस. शिकणारणीनं वरचं कापड रेघांचं घ्यावं, रेघ धरून गेलं की टाका वाकडा जात नाही. खालच्याला माझं जुनं धोतर. मी म्हणालो, "माझं धोतर विचारल्याशिवाय घेतलंस?" तू म्हणालीस, "म्हाताऱ्याचं कापड बाळाला लावलं की त्याचं आयुष्य लागतं. तुझं काहीतरी कामाला येऊ दे."

आणि मग ते बोललीस. चांगली शुद्धीत होतीस, उन्हानं नाक लाल झालं होतं. "वरचं झालं, खालचं झालं. पोटातलं तुझ्या आज्याकडं माग. त्याच्याकडं आहे."

आठ दिवसांनी गेलीस.

आक्का, मी तुला खरं सांगतो. ते ऐकलं तेव्हा मला आनंद झाला. मला वाटलं, हरली. सगळी हयात भांडून म्हातारी हरली. शेवटी माझ्याच दुकानातलं कापड मागतेय.

कारण भांडण तेच होतं ना आपलं? तू गावाकडनं झाशीला राहायला आलीस त्या वर्षापासनं. मी फौजेतला दर्जी, साहेबलोकांचे कोट शिवलेला, पेन्शन घेऊन स्वतःचं दुकान टाकलेला. आणि माझी बहीण जवळच्या बबीना छावणीतल्या फौजी बायकांकडनं जुनेरं गोळा करते. कुणाचं फाटकं लुगडं, कुणाच्या सासऱ्याचं धोतर. मला लाज वाटायची. मी म्हणायचो, अगं, दुकानात कातरणांची पोती भरलीत, कोरी कापडं, रंग बघ, पोत बघ, घे ना. तू एकदा पोत्यात हात घातलास, एक कातरण वर काढलंस, वास घेतलास आणि परत टाकलंस. "हे अजून कुणाच्या अंगाला लागलेलं नाही," म्हणालीस. "याला माणसाची सवय नाही."

मी तीन दिवस बोललो नाही. तू तीन दिवस मला आवडतं तेच रांधलंस, आणि बोलली नाहीस.

आणि त्या बायका माझ्या दुकानावरनं तुझ्याकडं जायच्या. नायकाच्या बायकोपासनं सुभेदारणीपर्यंत. घरात पाळणा हलायचा झाला की, "आक्का आहेत का?" मास्टरजी आहेत का असं कुणी विचारायचं नाही. शेजारची कमला भौजी, बरुआसागरची, तिला मराठीचं अक्षर कळत नाही, ती पण तुझ्याजवळ येऊन बसायची. "आक्काजी, ऐसई कथरी हमाई बहू खों बना दो." म्हणजे अशीच गोधडी तिच्या सुनेला हवी. तू मराठीत उत्तर द्यायचीस, ती बुंदेलीत बोलायची, दोघींचं तासंतास चालायचं. मला कळायचं नाही हसताय कशाला.

तर मी जिंकलो होतो. सुतक फिटलं, तेरावं झालं, आणि आज गुड्डीनं गाठोडं सोडल्यावर मी कपाटातनं माझं कापड काढलं. रानीपूरचं टेरिकॉट. चांगलं दमदार, फिकट निळं, मी कुणाला न देता ठेवलेलं. मेजावर पसरलं. "हे घाल पोटात. आटत नाही, विटत नाही, चुरगळत नाही. हा कपडा तुझ्या पोराच्या पोराला पुरेल."

गुड्डी भीत भीत म्हणाली, "आबा, आजी तो बोलती थी नया नहीं डालना."

"आजीनंच सांगितलं ना, माझ्याकडं माग म्हणून? मग? माझ्याकडं काय असणार? मी दर्जी आहे का कुंभार?"

मीच घडी घालून दिली, खाली माझं धोतर, मधे टेरिकॉट दुहेरी, वर रेघांचं लुगडं. कडेनं कच्चा दोरा टाकून दिला. सुई दिली. म्हटलं, चल, आता रेघ धरून जा.

सुई जाईना. वरच्या लुगड्यातनं लोण्यातनं गेल्यासारखी गेली आणि टेरिकॉटवर जाऊन थांबली. तिनं जोर लावला, सुई वाकली. दुसरी दिली. पाच टाके पडले, ते खालून बघितले तर दोनच धोतरात उतरलेले, आणि मधलं कापड आपल्या जागेवरनं सरकून एका कडेला गोळा. मी म्हटलं, घट्ट धर. तिनं घट्ट धरलं आणि सुई बोटात. टपकन रक्ताचा थेंब, तुझ्या रेघांच्या लुगड्यावर.

नेमकी तेव्हाच कमला भौजी दारात. कमरेवर हात ठेवून बघत होती. टेरिकॉटला दोन बोटांत धरून तिनं चुरडून बघितलं आणि मला म्हणाली, "काय दद्दा, लला खों कथरी चानें कै पतलून?" बाळाला गोधडी हवी का पँट, म्हणे.

गुड्डी बोट तोंडात घालून हसली. हसता हसता रडायला लागली. मी भौजीवर चिडलो, मग गुड्डीवर चिडलो, म्हटलं, तुला येत नाही तर राहू दे, विकतची दुलई आणू, बाजारात ढीग लागलेत. असं मी म्हणालो, आक्का. तुझ्या गुड्डीला. अशा दिवसांत.

गुड्डीनं डोळे पुसले. तुझ्यासारखंच आहे तिचं, रडली तरी जागेवरनं हलत नाही. म्हणाली, "आबा, आजीने एक बात और बोली थी. आप उठकर चले गए थे तब. मुझे समझ में नहीं आई, इसलिए बताया नहीं. म्हणाली, आबा द्यायला कुरकुरला तर त्याला मनमाडच्या चोराची आठवण दे." मग म्हणाली, "ये मनमाड का चोर कौन है?"

मी म्हटलं, तू घरी जा. भौजी, हिला घरी ने.

आता गाळलेलं वाचतो.

मी फौजेत निघालो तेव्हा इंग्रज जाऊन थोडीच वर्षं झाली होती. तू विधवा होऊन माहेरी परत आलेलीस, वय बावीस. तिकडं उत्तरेला थंडी फार असं कुणीतरी सांगितलं आणि तू गोधडी घालायला बसलीस. आयुष्यातली पहिली. घरातली जुनेरं इतकी जुनी की टाका धरत नव्हती. दिवाळीला बापानं तुला नवं लुगडं घेतलं होतं, आमसुली रंगाचं, घडी न मोडलेलं. तू ते कापलंस. अंगाला न लावता कापलंस. वर-खाली तेच कोरं, आणि पोटात जे काय सापडलं ते. देण्याआधी धुतलंस आणि नवं कापड आटलं, जुनं होतं तसंच राहिलं. सगळी गोधडी आक्रसून पापडासारखी झाली. तू ओशाळून म्हणालीस, "चुकलं रे दत्तू. नवं घालायचं नसतं. पण ऊब देईल."

नवं घालायचं नसतं, हे तू त्या दिवशी शिकलीस. माझ्या गोधडीवर.

बबीनाच्या बराकीत मी ती उघडली आणि शेजारच्या खाटेवरचा हसला. "ये क्या, दुल्हन का जोड़ा लाया है?" मग सगळे हसले. मी अठरा वर्षांचा. मी ती एकदाही पांघरली नाही, आक्का. एकदाही. सरकारी कांबळ्यात कुडकुडलो. मग दर्जीखान्यात नेमणूक झाली तेव्हा इस्त्रीच्या मेजावर खाली अंथरायला जाड काहीतरी हवं होतं, तिथं घातली. वर कांबळं, त्यावर मांजरपाट. कुणाला दिसत नव्हती. पहिल्या रजेवर घरी आलो, तू चुलीपुढनं उठायच्या आधी विचारलंस, "ऊबदार होती का रे?" माझ्या तोंडातनं निघालं, "चोरीला गेली. जातानाच. मनमाडला गाडी बदलताना कुणीतरी उचलली."

तू चुलीत लाकूड पुढं सारलंस. मग म्हणालीस, "जाऊ दे. ज्यानं नेली त्याला ऊब लागू दे."

ते वाक्य मी किती वर्षं वागवलं, तुला काय सांगू. पेन्शनीला निघताना मेजावरची ती गोधडी ट्रंकेत घातली. टाकून द्यायचं धाडस नव्हतं, आणि खरं सांगायचं तर इस्त्रीला तसं दुसरं अंथरूण मिळत नव्हतं, आक्रसलेली असल्यामुळं कशी घट्ट बसायची. दुकान टाकलं तेव्हा परत मेजावर. वर कांबळं, वर मांजरपाट. तू रोज दुपारी डबा घेऊन यायचीस आणि त्याच मेजावर डबा ठेवायचीस.

आणि कधीतरी चोर सुरू झाला. कधीपासनं ते मला आज आठवावं लागलं. थंडी पडली की तू म्हणायचीस, "मनमाडचा चोर आता आरामात झोपला असंल." मी नवा कोट घातला की, "चोरापेक्षा बरा दिसतोस." मला खोकला झाला की, "चोराला विचारून ये, त्याला कसला काढा लागू पडला." मी मनात म्हणायचो, भोळी आहे बिचारी, अजून तो चोर धरून बसलीय.

आज दुपारी दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं. इस्त्री खाली ठेवली. मांजरपाट काढलं, कांबळं काढलं. किती वर्षांनी, मोजवत नाही. अंथरूण मळलं की मी वरचं मांजरपाट बदलायचो, खाली हात घालायचो नाही. बघायचंच नव्हतं मला.

आमसुली रंग राहिलेला नाही. चहाच्या गाळलेल्या चोथ्यासारखा झालाय. मधोमध कोळशाच्या इस्त्रीनं जळालेलं भोक असणार, हे मला माहीत होतं, दर्जीखान्यात एकदा निखारा पडला होता, माझ्या समोर पडला होता. मी बोटानं भोक शोधलं.

भोक नव्हतं, आक्का. ठिगळ होतं.

राखाडी लुगड्याचं. बारीक काळ्या काठाचं. ते लुगडं नेसून तू झाशीच्या स्टेशनवर उतरली होतीस. आणि टाके तुझे. माझ्या हयातीत मी तसे टाके दुसऱ्या कुणाचे बघितले नाहीत, ओळ संपली की गाठ मारायची नाही, उलटा एक टाका घेऊन दोरा आत दडवायचा. "गाठ बाळाच्या अंगाला टोचते," असं म्हणायचीस. इथं कोण बाळ होतं? साहेबांच्या पँटी होत्या वर. तरी दडवलायस.

मग आठवलं. मला टायफॉईड झाला होता, एकवीस दिवस अंथरुणाला. दुकान तू उघडत होतीस, गिऱ्हाईकं परत जाऊ नयेत म्हणून. बरा होऊन आलो तर मेजावर स्वच्छ धुतलेलं मांजरपाट. मी केवढा तडकलो तुझ्यावर! "माझ्या मेजाला हात कुणी लावायला सांगितला? बाईमाणसानं दर्ज्याच्या मेजाला हात लावायचा नसतो!" असली कुठली रीत नाही, मी तिथल्या तिथं तयार केली. तू डबा उघडत म्हणालीस, "मळलं होतं. धुतलं. जेव."

एवढंच. मळलं होतं, धुतलं, जेव.

चोर त्या हिवाळ्यापासनं सुरू झाला.

म्हणजे तू ते सोडवलंस, ओळखलंस, आपली पहिली गोधडी, आपलं न नेसलेलं लुगडं, भावानं इस्त्रीखाली जाळलेलं. आणि तू तिथं बसून त्याला ठिगळ लावलंस. धुऊन वाळवून होतं तसं घातलंस, वर कांबळं, वर मांजरपाट. घरी येऊन मला पेज दिलीस. आणि पुढं इतकी वर्षं नुसती थट्टा. भांडायचं होतंस ना! कातरणावरनं भांडलीस, धोतरावरनं भांडलीस, याच्यावरनं का नाही? एकदा तोंडावर म्हणायचं होतंस, दत्त्या, खोटारड्या. मी पाया पडलो असतो. नसतो पडलो बहुतेक. आणखी एक खोटं बोललो असतो. ते तुला ठाऊक होतं म्हणूनच विचारलं नसशील.

मला तुझा राग आलाय, आक्का. शेवटपर्यंत वाट बघितलीस आणि निरोप पोरीजवळ ठेवून गेलीस. उठून गेलो तरी मी जवळच होतो. चार पावलांवर.

मी ती मेजावरनं उचलली आणि गालाला लावली. तूच सांगितलं होतंस, हाताला नको. इतकी वर्षं गरम इस्त्री खाऊन खाऊन कापड असं झालंय, की लागतच नाही. नुसती ऊब लागते. आटायचं तेवढं आटून गेलंय, आता काही आटणार नाही. सुई घेऊन बघितली, बोटानं ढकलायच्या आधीच गेली. आणि सवय म्हणशील तर सगळ्या बबीनाचे कपडे हिच्या अंगावरनं गेलेत, माणसाची सवय हिच्याइतकी कुणाला आहे?

इथवर लिहून वही मिटली होती, पुढचं तीन दिवसांनी लिहितोय. त्या संध्याकाळी ती घरी घेऊन गेलो. सूनबाईनं विचारलं, हे कुठलं मळकं आणलंत, बाळाला घालायचं? मी म्हटलं, सोड्याच्या पाण्यातनं दोनदा काढ आणि उन्हात टाक. बोलू नको.

गुड्डी खाटेवर बसली होती. पुढ्यात ठेवली. तिनं दोन्ही हातांनी उचलली आणि काही न सांगता गालाला लावली. "आबा, ये तो... कितनी मुलायम! कहाँ थी ये?"

मला म्हणता आलं असतं, कपाटात होती. जिभेवर आलंही.

"ही आक्कानं शिवलेली पहिली गोधडी," मी म्हटलं. "माझ्यासाठी. मी पांघरली नाही. लाज वाटली. इस्त्रीखाली घातली आणि तिला सांगितलं मनमाडला चोरीला गेली. मनमाडला कुणी चोर नव्हता. मीच."

गुड्डीनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, हसेल. तिनं ठिगळावरनं बोट फिरवलं, उलट्या टाक्यापर्यंत आली, थांबली. म्हणाली, "आबा, ये टाँका मुझे सिखा दो. गाठ नको. बाळाला टोचेल."

मला तो टाका येत नाही, आक्का. मशीनचा माणूस. दोघं मिळून तुझ्या ठिगळावरनं उकलून बघणार होतो, पण उकलवलं नाही. बघून बघून काढतोय. तिच्या दोन ओळी झाल्यात, वाकड्या आहेत, पण मधलं कापड जागेवर बसलंय. तुझं रेघांचं लुगडं वर, माझं धोतर खाली. लुगड्यावरचा रक्ताचा डाग तिनं धुतला नाही, म्हणते राहू दे. टेरिकॉटची मी पँट शिवणार आहे. कापड चांगलं आहे ते, त्याबद्दल मी काही ऐकून घेणार नाही.

एक राहिलं. सूनबाईनं धुऊन वाळत घातली होती, काल दुपारी वाळली. गुड्डीला द्यायच्या आधी मी ती घेतली, अंगणात तुझ्या खाटेवर आडवा झालो आणि पांघरली. पाय बाहेर राहिले. आक्रसलेलीच ती, आणि मी आता अठराचा नाही. गळ्यापर्यंत ओढून पडून राहिलो. भौजी भिंतीवरनं बघत होती.

तू विचारलं होतंस ना, चुलीपुढनं उठता उठता.

होय आक्का. ऊबदार आहे.